सुकाणूच्या मागावर

मराठी वर्तमानपत्रात रोज दोन सुकाणू छापून येतात. एक राजकारणाच्या पानावर असतं: आंदोलनाची सुकाणू समिती, पक्षाचं सुकाणू अमक्याच्या हाती. दुसरं खेळाच्या पानावर, जरा आडून: संघाचा कर्णधार. संस्कृतात कर्ण म्हणजे कान, तसंच सुकाणूही. ते धरणारा तो कर्णधार. सर्वांत जवळच्या किनाऱ्याला जायचं तर घाट उतरून तीन-चार तास मोडतात अशा पुण्यात हे दोन्ही शब्द दिवसभर लोकांच्या तोंडी असतात आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुधा पाण्याचा थेंबही नसतो.

मी पुण्यात एका कोशाच्या कामात आहे. आमच्याकडे शब्द विषयवार वाटून घेतात. कुणाकडे शेती, कुणाकडे स्वयंपाक, कुणाकडे कोर्टकचेरी. बंदर, होड्या आणि मासेमारी मी मागून घेतली. नाळ, शीड, डोलकाठी, परभाण, पठाण, नांगर हे शब्द मला फार वर्षं खुणावत होते. यातला एकेक शब्द म्हणजे कुणीतरी तासलेलं, बांधलेलं, ताणलेलं काहीतरी आहे आणि त्याच्यावर माणसांचे जीव तरंगले आहेत. असे शब्द नुसते ‘जहाजाचा एक भाग’ एवढ्या अर्थावर सोडून द्यायला मन घेत नाही. आपल्या कितीतरी कोशांत ते तसेच सोडलेले आहेत, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कामाची रीत जुनीच आहे. एका शब्दाची एक चिठ्ठी. तिच्यावर शब्द, तो जिथे आला ते वाक्य, पुस्तकाचं किंवा कागदाचं नाव, वर्ष. एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, अर्थाप्रमाणे त्यांचे गठ्ठे लावायचे आणि मग नोंद लिहायला बसायचं. सुकाणूच्या चिठ्ठ्या मांडल्या तर एक गठ्ठा उंच झाला, तो समित्या, सरकारं, संस्था आणि संसारांचा. प्रत्यक्ष नाव वळवणाऱ्या सुकाणूचा गठ्ठा अगदी बारीक. मूळ अर्थ आधी आणि लाक्षणिक नंतर, असा आमचा क्रम. इथे मूळ अर्थालाच पुरावा कमी पडत होता.

नोंदीचा कच्चा मसुदा आम्ही काही जाणकारांना वाचायला पाठवतो. त्यांतल्या नारायण पेठेतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षकांचं पत्र आलं. मसुद्यात मी सुकाणूपुढे ‘अरबी सुक्कान’ असं लिहिलं होतं, त्याला त्यांची हरकत होती. अक्षर सुबक आणि मुद्दे नेमके. संस्कृतात कर्ण हा शब्द सुकाणूला आहेच, कर्णधार त्याची साक्ष देतो. कर्णाचा मराठीत कान होतो. मागे सु लागला की सुकान, आणि कोकणातले कोळी आजही सुकाणू न म्हणता सुकानच म्हणतात. मग घरातली वस्तू शेजारच्याची कशाला म्हणायची, असा त्यांचा प्रश्न होता.

पत्र वरवर वाचून बाजूला ठेवण्यासारखं नव्हतं. त्यातला प्रत्येक सुटा मुद्दा खरा होता. कर्ण या शब्दाला कान, भांड्याचा कान म्हणजे मूठ आणि नावेचं सुकाणू असे तिन्ही अर्थ आहेत. अमरकोशातल्या वारिवर्गात नावेच्या अंगांची छान रास आहे: डोलकाठीला कूपक आणि गुणवृक्षक, वल्ह्याला क्षेपणी, नाव वळवायच्या वल्ह्याला अरित्र आणि केनिपातक, आत आलेलं पाणी उपसायच्या भांड्याला सेकपात्र, आणि कर्णधार तर आहेच. आपल्या जुन्या लोकांना नाव ठाऊक नव्हती, असं कुणी म्हणू शकणार नाही. भोजराजाच्या नावावर असलेल्या युक्तिकल्पतरूमध्ये नावांचे प्रकार, त्यांची मापं, त्यांच्यावरच्या खोल्या असं सगळं सांगितलेलं आहे. येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत आहेत. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि छापील खंड अजून ‘अ’ या अक्षरातच आहेत. ‘क’मधला कर्ण छापून यायला किती काळ लागेल याचा यावरून अंदाज यावा. त्या दालनात उभं राहिलं की व्युत्पत्तीबद्दल घाईनं बोलायची हिंमत होत नाही.

घाई करायची नाही म्हणून मी उलट बाजूनं सुरुवात केली. कर्णापासून शब्द निघाला असेल तर मराठीत त्याचं काय रूप व्हायला हवं? मराठीचा याबाबतचा नियम बराच काटेकोर आहे. संस्कृतातलं ‘र्ण’ प्राकृतात ‘ण्ण’ होतं आणि ते जोडाक्षर मराठीत उतरताना साध्या ‘न’वर येतं. कर्णाचा कान, पर्णाचं पान, चूर्णाचा चुना, सुवर्णाचं सोनं. अरण्याचं रानही याच वाटेनं आलं. दोन स्वरांमधला एकेरी ‘न’ मात्र मराठीत ‘ण’ होतो: पानीयाचं पाणी, जनाचा जण, स्थानाचं ठाण. म्हणजे कर्णाच्या घराण्यातला शब्द असता तर तो ‘न’ घेऊन आला असता. सुकाणूत ‘ण’ आहे. आणि फारसी-अरबीतून आलेल्या काही शब्दांच्या ‘न’चा मराठीनं ‘ण’ केलेला आहे, जसं निशानचं निशाण. दुकानाचा ‘न’ तसाच राहिला, त्यामुळे एवढ्यावर निकाल लावता येत नाही. पण पारडं झुकतं.

शेवटच्या ‘ऊ’चंही सांगायला हवं. तारू, पाखरू, वासरू, लिंबू, सगळी नपुंसकलिंगी. जुन्या लेखनात या ऊकारावर अनुस्वार असे. बाहेरून आलेल्या शब्दाला मराठीनं तारूसारखंच रूप दिलं, इतकं की आता तो परका वाटत नाही. पत्र लिहिणाऱ्या गुरुजींना तो घरातला वाटला, यात नवल नाही.

अडचण उरली ती कोळ्यांच्या सुकानची. नियमाप्रमाणे ‘न’ हवा आणि जे लोक रोज सुकाणू हातात धरतात त्यांच्या तोंडी नेमका ‘न’च आहे. हा मुद्दा पुण्यात खुर्चीवर बसून सुटणारा नव्हता. जूनमध्ये अलिबागची एसटी धरली. खोपोली, पेण करत गाडी उतरते तशी हवा चिकट होत जाते. अलिबागहून पुढे थळला गेले. समोर खांदेरी-उंदेरी ही बेटं. १६७९ मध्ये याच पाण्यात खांदेरीसाठी इंग्रजांच्या आरमाराशी मराठ्यांची झुंज झाली होती. शिवाजी महाराजांच्या होड्या लहान आणि हलक्या होत्या, उथळ पाण्यातून रात्री रसद पोचवत होत्या आणि इंग्रजांची मोठी गलबतं त्यांना अडवू शकत नव्हती. त्या होड्यांची सुकाणू ज्यांच्या हाती होती त्यांतल्या बहुतेकांची नावं कुठल्याही कागदात नाहीत.

जून मुद्दाम निवडला होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढलेल्या असतात, त्यांची डागडुजी चालू असते, माणसांना बोलायला थोडी सवड असते आणि मुख्य म्हणजे एरवी पाण्याखाली असतं ते सगळं उघडं असतं. ओळखीतून एका वयस्कर नाखवांकडे गेले. घराशेजारी निळ्या ताडपत्रीखाली होडी, आणि तिचं सुकाणू सुटं करून भिंतीला टेकवून ठेवलेलं. मी पहिल्यांदाच ते असं एकटं पाहिलं. माणसाच्या छातीएवढा उंच, जाड फळ्यांचा जोडलेला फळा. पाण्याखालचा भाग रुंद, वर निमुळता होत गेलेला. एका कडेला दोन लोखंडी खुंट्या, आणि होडीच्या मागच्या उभ्या लाकडात त्यांच्यासाठी दोन लोखंडी कड्या.

“बसवून दाखवता का?” म्हटल्यावर नाखवांनी नातवाला हाक मारली. दोघांनी फळा उचलून होडीच्या मागे उभा धरला. तेव्हा ध्यानात आलं की दोन्ही खुंट्या सारख्या नाहीत. खालची बोटभर लांब आहे. दोन्ही एकाच वेळी कड्यांत बसवायच्या म्हटल्या तर पाण्यात हलत्या होडीवर ते जमायचं नाही. म्हणून लांब खुंटी आधी खालच्या कडीत शिरवायची. ती धरली गेली की फळा इकडेतिकडे जात नाही आणि वरची खुंटी आपली जागा शोधते. नाखवांनी हे मला शब्दांत सांगितलंच नाही. खालच्या कडीवर बोट ठेवलं, फळा सोडला, आणि ‘टक्’ आवाजासरशी दोन्ही खुंट्या खाली बसल्या. मग त्यांनी डोक्याला आडवा दांडा लावला आणि मला म्हणाले, “धरा.”

दांडा डावीकडे ढकलला की फळ्याची पाण्यातली कड उजवीकडे जाते आणि होडीचं तोंड उजवीकडे वळतं. पाणी मागे सरकत असताना फळ्यावर आदळतं, होडीचा मागचा भाग डावीकडे रेटला जातो आणि पुढचा उजवीकडे येतो. म्हणजे हात एका बाजूला आणि होडी दुसऱ्या बाजूला. ब्रिटिश जहाजांवर हुकूमसुद्धा कितीतरी काळ दांड्याच्या दिशेनं दिले जात, जहाजाच्या नव्हे. दांडा जाऊन चाक आल्यावरही ती रीत सुटली नाही, आणि १९३३ मध्ये कायद्यानं ती बंद झाली. होडी थांबलेली असेल तर सुकाणू काही कामाचं नाही. पाणी वाहतं असलं, म्हणजे होडी चालती असली, तरच त्याला जोर. हे समजल्यावर नोंदीतली माझी व्याख्या मी तिथेच वहीत बदलली. नाव वळवायचं साधन, एवढं म्हणणं खोटं नव्हतं, पण त्यात फळा कुठे असतो, कशानं लटकतो, कशानं फिरतो यातलं काहीच नव्हतं. ‘सुकाणू हाती घेणे’ म्हणताना हातात खरं तर दांडा येतो आणि सुकाणू पाण्यात असतं, हेही नोंदीत यायला हवं होतं.

दांडा हातात असतानाच मी विचारलं, “नाखवा, पाण्यात याचा अंदाज कसा येतो?”

“पान्यान गेल्याबिगर सुकान काय कलनार, बाय?” ते म्हणाले.

माझ्या प्रश्नाचं उत्तर त्या एका वाक्यात होतं. पाण्यातचं पान्यान, कळणारचं कलनार आणि सुकाणूचं सुकान. आगरी-कोळी बोलीत ‘ण’चा सरसकट ‘न’ होतो आणि ‘ळ’चा ‘ल’. नाळेला ते नाल म्हणतात. ‘ड’चा ‘र’ होतो म्हणून शीड हे शीर. पुढचा तासभर मी त्यांना कोळंबी, वादळ, डिझेलचा भाव आणि नातवाच्या शाळेबद्दल बोलू दिलं आणि ऐकत राहिले. ‘ण’ एकदाही ऐकू आला नाही. म्हणजे सुकानमधला ‘न’ कर्णाकडून आलेला नसून थळच्या बोलण्याचा आहे. पानीमध्ये तो आहे तसाच सुकानमध्येही आहे. एकच शब्द वेचून पुण्याला आणला तर तो पुरावा वाटतो, त्याच्या शेजारचे दहा शब्द ऐकले की तो पुरावा राहत नाही. बोलीतले शब्द गोळा करणाऱ्यांनी एकेका शब्दाची यादी न करता सलग बोलणं टिपावं, असा माझा आग्रह आहे, तो याचसाठी.

परतल्यावर जयकर ग्रंथालयात शेजारच्या भाषांचे कोश काढून बसले. या बैठकीनं मला जेवढा आनंद दिला तेवढा क्वचितच कशानं दिला असेल. गुजरातीत सुकान, आणि ते धरणारा सुकानी. कन्नडात चुक्काणी. मल्याळममध्ये चुक्कान. तमिळमध्ये सुक्कान. वळसा घालून पूर्वेच्या किनाऱ्यानं वर आलं की तेलुगूत चुक्कानी. कच्छपासून आंध्रापर्यंत अख्ख्या किनाऱ्यावर एकच शब्द, आणि त्यातल्या चार भाषा तर संस्कृतातून निघालेल्याही नाहीत. समुद्र ओलांडून आफ्रिकेला गेलं तर स्वाहिलीत उसुकानी. तिकडे आज मोटारीच्या चाकालाही तोच शब्द आहे. एवढ्या सगळ्यांनी मराठीतला सु आणि कान उचलून नेला असं मानायचं, की अरबी खलाशांच्या सुक्कानची ही सगळी रूपं मानायची, हे ठरवायला मग वेळ लागला नाही. कुठल्याही एका भाषेच्या घरात बसून गलबताच्या शब्दाचं मूळ सापडत नाही. किनाऱ्याकिनाऱ्यानं जावं लागतं, तसेच ते शब्दही गेलेले असतात.

अरबीच्याही मागे वाट जाते. अरॅमिक भाषेत सुक्काना आहे, आणि त्याच्याही आधी मेसोपोटेमियातल्या अक्कडी भाषेत नावेच्या वळवायच्या वल्ह्याला याच कुळातला शब्द होता. टायग्रिस-युफ्रेटिसच्या पात्रात नाव वळवणाऱ्या माणसाचा शब्द तीनेक हजार वर्षांनी नारायण पेठेतल्या पत्रात येऊन वाद घालतो आहे, हे कळल्यावर त्या दुपारी मी बराच वेळ पुढचं काम हाती घेऊ शकले नाही.

हिंदी महासागरातल्या ब्रिटिश जहाजांवर आशियाई खलाशांची जी मिश्र भाषा चालत असे तिच्यात हे शब्द सगळे एकत्र नांदत होते. टॉमस रोबक यांनी १८११ मध्ये इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयनाचा कोश छापला तो गोऱ्या अधिकाऱ्यांना या खलाशांना हुकूम देता यावेत म्हणून. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात सीकनी हा शब्द मिळतो: जहाजाचं सुकाणू सांभाळणारा. तो म्हणजे आपला सुकानी. इंग्रजीत ग्रॅब म्हणतात ते जहाज म्हणजे आपलं गुराब, अरबी घुराब म्हणजे कावळा यावरून आलेलं. गॅलिव्हॅट हे आपलं गलबत. नाखवा हा फारसी नाखुदा. त्यातला ‘ना’ म्हणजे नाव, होडी, संस्कृत नौचं सख्खं भावंड, आणि खुदा म्हणजे धनी. खलाशी अरबी, बंदर फारसी, आरमार पोर्तुगीजांकडून. फारसी लंगर आणि आपला शेतातला नांगर यांचे उच्चार एकमेकांत मिसळून गेले असावेत, म्हणून मराठीत जमीन नांगरतात आणि गलबतही नांगरतात. असल्या शब्दांसाठी माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश आमच्या टेबलावर सतत उघडा असतो. हेच आपले कवी माधव जूलियन. फर्ग्युसन कॉलेजात ते फारसी शिकवत असत, आणि १९२५ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळानं त्यांचा कोश छापला. पुण्याला समुद्र नाही, पण समुद्रावरून आलेल्या शब्दांना इथे पूर्वीच जागा मिळालेली आहे.

हा शब्द कर्णाच्या जागी कसा बसला, हे समजायला वस्तूकडे पाहावं लागतं. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे. पुढच्या टोकाला, नाळेवर, डोळा काढलेला आहे आणि मागच्या बाजूला जहाज वळवायची मोठी वल्ही आहेत. त्या काळी जहाज वळवायचं ते मागे बाजूला लावलेल्या अशा वल्ह्यानं. भांड्याला कान असावा तसं ते बाजूनं बाहेर आलेलं. कर्ण हे नाव त्या वल्ह्याला शोभतं, असं मला ते चित्र पाहिल्यापासून वाटत आलं आहे. १२३७ मध्ये अल-वासिती या चित्रकारानं हरीरीच्या कथांच्या पोथीत जहाज काढलं, त्यात सुकाणू मागे मधोमध टांगलेला फळा आहे, थळला पाहिला तसा. वस्तू बदलली, अरबीत सुक्कान हा शब्द मात्र तोच राहिला. इंग्रजीत जरा वेगळं झालं. जहाजाच्या उजव्या बाजूला ते अजून स्टारबोर्ड म्हणतात. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सुकाणूची बाजू, कारण वळवायचं वल्हं उजवीकडे असे. वल्हं जाऊन शतकं लोटली तरी बाजूचं नाव टिकलं. डाव्या बाजूला लारबोर्ड म्हणत, पण वाऱ्यावादळात दोन्ही नावं सारखीच ऐकू येत, म्हणून १८४४ मध्ये ब्रिटिश नौदलानं हुकूम काढून डावीला पोर्ट केलं. मराठीत जुनं वल्हं कर्णधारात शिल्लक राहिलं आणि क्रिकेटच्या मैदानावर गेलं. गुजराती वर्तमानपत्रं क्रिकेटच्या कर्णधाराला सुकानी म्हणतात. वानखेडेवर एकाच माणसाला आपण संस्कृत सुकाणू देतो आणि ते अरबी.

गुरुजींच्या पत्रात एक वाक्य होतं, ते मला टोचत राहिलं होतं. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्द काढून टाकले, मग आपण ते परत का आणावेत, असं. याचं उत्तर द्यायला हवं होतं, कारण प्रश्न प्रेमानं विचारलेला होता. रघुनाथपंत हणमंते यांनी केलेल्या त्या कोशात दहा वर्ग आहेत: राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग. आरमाराला स्वतंत्र वर्ग नाही. आणि हे त्या राजाच्या कारकिर्दीत, ज्यानं आरमार उभारलं, त्यासाठी कल्याण-भिवंडीकडे पोर्तुगीज कारागीरसुद्धा कामाला लावले. दरबारातल्या शब्दांना संस्कृत पर्याय देता आले, कारण ते शब्द लिहिणारे आणि वाचणारे मूठभर होते. गलबतावर मात्र रात्री, वाऱ्यात, ओरडून हुकूम द्यायचा असतो. तो मालवणच्या खलाशाला, दर्यावर्दी मुसलमानाला, भंडाऱ्याला आणि कोळ्याला एका क्षणात कळायला लागतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचं वेगळं प्रकरण आहे. जहाजाला साग कुठला तोडावा, रयतेची आंबा-फणसाची झाडं मालकाला राजी करून, किंमत देऊनच घ्यावीत, इथवर तपशील त्यात आहे. त्यातही गुराबा आणि गलबतंच आहेत. महाराजांच्या हयातीत मंत्रिमंडळात वाढलेल्या माणसाला तिथे संस्कृत शब्द घालावेसे वाटले नाहीत. माझ्या मते हाच त्या राज्याच्या शहाणपणाचा पुरावा आहे. कुठे शब्द बदलायचे आणि कुठे ज्यांचे हात कामाला लागलेले आहेत त्यांच्या तोंडचे ठेवायचे, हे त्यांना कळत होतं.

मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. १७५६ च्या फेब्रुवारीत पेशवे आणि इंग्रज एक होऊन विजयदुर्गावर गेले आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. त्या मोहिमेत गुंतलेलं राज्य याच पुण्यातून चालत होतं. लाकडं जळाली ती जळालीच. पण त्या गलबतांच्या अंगाअंगांची नावंही त्यानंतर हळूहळू कमी होत गेली, आणि हे नुकसान आपण कधी मोजलंच नाही. वाफेची जहाजं आली, मग यंत्रं आली. आज थळच्या होडीवर शीड क्वचितच दिसतं आणि शीड ज्याला बांधतात ते परभाण काय हे नाखवांच्या नातवाला ठाऊक नाही. सुकाणू तेवढं राहिलं, कारण यंत्र असो वा वारा, होडीला वळावं लागतंच.

गुरुजींना मी चार पानी उत्तर लिहिलं. ‘न’ आणि ‘ण’चा नियम, नाखवांचं वाक्य, किनाऱ्यावरच्या भाषांची यादी, सगळं. कर्ण या शब्दाची नोंद आम्ही स्वतंत्र आणि भरघोस करतो आहोत, ‘कर्णधार’खाली अजिंठ्याच्या जहाजाचा उल्लेखही येईल, हेही कळवलं. सुकाणूच्या नोंदीत पहिला अर्थ आता पाण्यावरचा आहे, थळचा उच्चार त्याच्यासोबत आहे, आणि समित्या तिसऱ्या क्रमांकावर आहेत. मधला क्रमांक मोटारीच्या आणि विमानाच्या सुकाणूला दिला.

महिन्याभरानं त्यांचं पोस्टकार्ड आलं. अरबीबद्दलची हरकत मागे घेतली होती, एका ओळीत. उरलेल्या जागेत बारीक अक्षरात शब्दांची यादी होती. त्यांचं लहानपण श्रीवर्धनला गेलेलं, हे मला तेव्हा कळलं. बंदरावर ऐकलेले आणि साठ वर्षांत कुणी न विचारलेले शब्द त्यांनी आठवून आठवून लिहिले होते. कुठल्या आठवणीची खात्री आहे आणि कुठली अंधुक आहे, तेही खुणा करून दाखवलं होतं. यादीत पहिलाच शब्द पठाण होता, गलबताच्या तळाचं लांब लाकूड, ज्याच्यावर सगळा सांगाडा उभा राहतो. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं होतं: याचा अफगाणांशी संबंध जोडण्याआधी गुजरातीत पाहावं. सध्या मी तिथेच पाहते आहे.